टाके ओढून खड्डा जात नाही: सहा बाय तीनच्या एका गादीचे प्रकरण

लालबागच्या एका चाळीतून जूनच्या अखेरीस जुनी कापसाची गादी पिंजायला आली. माप ६ फूट बाय ३ फूट. कापूस तोच, कमी पडेल तेवढा नवा, खोळ नवी आणि जाडी ४ इंच, असे ठरले. दुकानातला मुख्य कारागीर तेव्हा एका हॉलच्या लोड-तक्क्यांच्या ऑर्डरीत अडकला होता, म्हणून पिंजण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत सगळे काम शिकाऊ मुलाने एकट्याने केले. तोवर त्याने दुसऱ्यांनी भरलेल्या गाद्यांचे काठ शिवले होते, टाकेही (गादीच्या आरपार दोरा घालून मारलेल्या गाठी) मारले होते. भरणी मात्र एकट्याने कधी केली नव्हती. पुढे जे झाले त्याचे मूळ इथेच आहे.

गादी दिली तेव्हा ती देखणी दिसत होती. काठ सरळ, टाके एका ओळीत, वर लाल गोंडे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरले, गादी खाली अंथरून बैठकीला वापरली गेली, नंतर पुन्हा खाटेवर गेली. विसर्जनानंतर काकू दुकानात आल्या. "कमरेखाली खड्डा पडलाय आणि डोक्याकडे दगडासारखी लागते. टाके ढिले झालेत बघा, तेवढे ओढून द्या," एवढेच त्यांचे म्हणणे. शिकाऊने लगेच दाभण घेऊन मधले चार टाके ओढले. खड्डा आणखी खोल झाला, एका टाक्याशी कापड फाटले, आणि तिथे कारागिराने त्याला थांबवले.

निर्णय दोनपैकी एक घ्यायचा होता. वरवर टाके बदलून गादी परत द्यायची, की उसवून पुन्हा भरायची? पहिले अर्ध्या तासाचे काम, दुसरे अख्ख्या दिवसाचे. ग्राहक पहिलेच मागत होत्या. अशा वेळी बहुतेक दुकाने पहिलेच करून देतात आणि महिन्याभराने तीच गादी पुन्हा दारात येते.

उसवण्याआधी काय मोजले

खाटेवर ठेवलेली गादी तपासून काही कळत नाही, कारण खाटेचा झोल गादीत दिसतो. सपाट लादीवर पसरून, दोन्ही बाजू उलटून पाहावी लागते. दाभणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर खुणा करून ते जागोजागी सरळ खाली लादीपर्यंत टोचले, कापडावर बोट टेकवले आणि जाडी वाचली. डोक्याकडे साडेचार इंच, पायाकडे चार, मध्ये सव्वादोन. लांबीच्या दोन्ही काठांना जेमतेम दोन.

टाके बारा होते: रुंदीत तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार. ओळींतले अंतर ९ इंच, पण लांबीकडे दोन टाक्यांत तब्बल १८ इंच. टाक्यापाशी गादी किती दबली हेही मोजले. कुठे दीड इंच, कुठे सव्वातीन. तीन टाक्यांची खालची गाठ वरच्या गोंड्याच्या बरोबर खाली नव्हती, इंचभर बाजूला सरकली होती. दाभण तिरपे गेल्याची ही खूण. टाक्याची दोन भोके एकमेकांना जवळजवळ चिकटलेली होती, त्यामुळे सगळा ताण कापडाच्या चार-पाच धाग्यांवर येत होता. फाटले ते तिथेच.

खाटेचा फोटोही मागवला. लोखंडी पट्ट्यांची खाट, मधल्या दोन पट्ट्या सुटून खाली लोंबत होत्या. खड्ड्याला त्यांनी हातभार लावला हे खरे, पण लादीवरही मध्ये सव्वादोनच इंच भरत होते. म्हणजे दोष मुळात गादीतच होता. खाटेवर दोष ढकलून ग्राहकाला वाटेला लावणे सोपे असते, म्हणून लादीवरचे माप आधी घ्यायचे.

आतला कापूस

लांबीकडची एक शिवण उसवून कापूस तीन भागांत वेगळा काढला आणि तोलला. डोक्याकडचे दोन फूट ३.९ किलो, मधले दोन फूट २.६, पायाकडचे ३.६. एकूण १०.१ किलो. सहा बाय तीनच्या चार इंची गादीला साधारण १० किलो लागतात, म्हणजे वजनात काहीच खोट नव्हती. खोट वाटणीत होती. झोपणाऱ्याचा सगळ्यात जास्त भार कमरेखाली येतो, तिथे कापूस सर्वांत जास्त हवा. इथे तिथेच सर्वांत कमी होता.

असे का झाले, ते कापसाच्या रचनेवरून वाचता आले. थर कुठेच नव्हते, सगळीकडे कवळ-कवळ गोळे. खोळ तिन्ही बाजूंनी शिवून फक्त पायाकडचे तोंड उघडे ठेवले होते आणि त्यातून कापूस कवळ्यांनी आत सारून काठीने ढोसला होता. काठीचा जोर पोचतो तो पलीकडच्या टोकाला, म्हणून डोक्याकडे कापूस ठासला गेला. उरलेला शेवटी तोंडापाशी कोंबला गेला. मधला भाग लांबूनच भरल्याने सैल राहिला. लांबीच्या काठांपर्यंत तर काठी कधी गेलीच नव्हती. तोंडातून भरणारे कसलेले हात असतात. ते आत कोपरापर्यंत हात घालून कापूस पसरतात आणि बाहेरून छडीने झोडून सारखा करतात. शिकाऊने झोडले होते, पण सैल भागावर छडी बसली तेव्हा तो अजून पातळ झाला आणि ठासलेला भाग जागचा हलला नाही.

दुसरी गोष्ट गुठळ्यांची. कापूस हातात घेऊन उजेडाकडे धरला की वाटाण्याएवढ्या घट्ट गुठळ्या दिसत होत्या. जुना कापूस पावसाळ्याच्या दमट हवेत तसाच पिंजण्याच्या यंत्रात घातला की तंतू सुटत नाहीत, एकमेकांत गुंडाळतात. व्यापारात कापसाचा प्रमाणित ओलावा कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेला कापूस सहज १२ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे पावसाळ्यात तोललेला १० किलो कापूस प्रमाणित ओलाव्यावर आला की सुमारे ९.७ किलो भरतो. हे तीनशे ग्रॅम कुठे गेले यावरून ग्राहकाशी वाद होतात, आणि चोरी कोणीच केलेली नसते. जून ते सप्टेंबर कापूस आदल्या दिवशी पंख्याखाली मोकळा करून, मध्ये दोनदा उलटून मगच पिंजावा. लालबाग-परळच्या पोटमाळ्यांवर पत्र्याखालची गरम हवा फुकट मिळते, तिचा उपयोग होतो.

कापसाच्या जातीबद्दलही इथे बोलायला हवे. गादीला आखूड आणि जाड तंतूचा देशी कापूस चांगला, तो दबून पुन्हा फुगतो. कपड्यासाठी नावाजलेला लांब, बारीक तंतूचा कापूस गादीत चपटा होऊन बसतो, महाग असूनही. गिरणगाव चालू होते तेव्हा गिरण्यांचा वाया कापूस गाद्यांत बराच जायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तसा तो मालही आटला, आणि आता 'नवा कापूस' म्हणून कापडाच्या चिंध्या पिंजून केलेला करडा माल गळ्यात मारणारे भेटतात. चिमूट ओढून पाहावी: तंतूंऐवजी सुताचे रंगीत तुकडे निघाले तर तो घेऊ नये. या गादीतला जुना कापूस चांगला होता, तो बदलायची गरज नव्हती.

टाका काय करतो

शिकाऊची समजूत अशी होती की टाका कापूस बसवतो. जिथे गादी वर येते तिथे ओढायचा, जिथे ढिली वाटते तिथेही ओढायचा. प्रत्यक्षात टाका फक्त दोन कापडांना एका ठरावीक अंतरावर बांधून ठेवतो, म्हणजे मधला कापूस आडवा सरकू नये. ओढला की त्याच्याखालचा कापूस बाजूला पळतो. सैल भागात ओढला तर उरलासुरलाही शेजारच्या ठासलेल्या भागाकडे जातो आणि खड्डा वाढतो. काकूंच्या गादीत दुकानातच हे घडले.

अंतराचा प्रश्नही इथेच येतो. दोन टाक्यांत १८ इंच मोकळे असले की कापसाला हिंडायला रान मोकळे. शिवाय तिन्ही ओळींतले टाके आडव्या रेषेत समोरासमोर होते, त्यामुळे गादीला आपोआप चार मोडी पडल्या. चाळीतल्या खोलीत गादी रोज सकाळी दुमडून ठेवतात, ती नेमकी त्या मोडींवर दुमडली जाते आणि दर दुमडीला कापूस तिथून दोन्हीकडे सरतो.

पुन्हा भरणी

कापूस वाळवून दुसऱ्यांदा हलका पिंजला. उडालेली धूळ आणि आखूड तंतू वजा जाता ९.८ किलो उरला. त्यात ६०० ग्रॅम नवा देशी कापूस मिसळून १०.४ झाला. नवा कापूस वेगळा थर म्हणून घालू नये, जुन्यासोबत पिंजतानाच मिसळावा. वेगळा राहिला तर तो वेगळ्या वेगाने दबतो. यंत्राजवळ नाकाला नीट बसणारा मास्क हवाच, कारण कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर दमा लागल्यासारखी अवस्था होते. मोटरीवर साचलेला तंतू रोज झटकायचा, एका ठिणगीत पेटतो.

खोळ पुन्हा कापली. तयार माप ७२ बाय ३६ इंच हवे असेल तर कापडाची लांबी ३ इंच आणि रुंदी २ इंच जास्त धरली, कारण काठ आणि टाके मिळून कापड आत ओढतात. पहिल्या वेळी वाढ न धरल्याने काठ ताणून शिवावे लागले होते. कापड घट्ट विणीचे जाड टिकिंग, म्हणजे गादीच्या खोळीचे कापड. या वेळी फक्त एक लांब बाजू शिवली, उरलेल्या तीन उघड्या ठेवल्या, म्हणजे खालचे कापड लादीवर पूर्ण पसरता आले आणि वरचे बाजूला दुमडता आले.

कापसाचे आधीच तोलून पाच ढीग केले: २.३ किलोचे चार आणि १.२ किलोचा एक. पहिला ढीग पूर्ण कापडावर, कडेपर्यंत. पिंजलेला कापूस पट्ट्यांसारखा उलगडून लांबीच्या दिशेने ठेवला. दुसरा थर रुंदीच्या दिशेने, पहिल्याचे जोड झाकले जातील असा. मग १.२ किलोचा थर फक्त मधल्या अडीच फुटांत, त्याच्या कडा हाताने विरळ करत नेलेल्या. कडा जाड राहिली तर वरून पायरी लागते. त्यावर तिसरा आणि चौथा पूर्ण थर, पुन्हा आलटून पालटून. इतका झाल्यावर कापूस अंदाजे फूटभर उंच दिसतो आणि नवशिक्याला वाटते खोळ बंद होणार नाही. होते. दोघांनी तळव्यांनी मधून कडांकडे दाबत आणायचे, गुडघे टेकवायचे नाहीत.

हातांनी तपासायची जागा हीच. डोळे मिटून दोन्ही तळवे एकमेकांपासून फूटभर अंतरावर सारख्या जोराने दाबत डोक्याकडून पायापर्यंत जायचे. जिथे एक हात जास्त बुडतो तिथे चिमूटभर नव्हे, थर उलगडून तळहाताएवढी पातळ चकती ठेवायची. कोपऱ्यात मुठीएवढा घट्ट वळलेला कापूस, आणि त्यावर थरांची टोके दुमडून. नुसता सैल कापूस टाकलेला कोपरा आठवड्यात मोकळा होतो.

वरचे कापड ओढून घेतल्यावर आधी चार कोपरे, मग प्रत्येक बाजूचा मध्य कच्च्या टाक्यांनी अडकवला आणि शिवण मध्यातून कोपऱ्याकडे नेली. एका कोपऱ्यातून सुरू केली की सगळे सुटलेले कापड दुसऱ्या कोपऱ्यात गोळा होते. त्यानंतर बांबूच्या छडीने दोन्ही बाजूंनी तिरके झोडणे, हलक्या हाताने. आता छडीचे काम थर एकमेकांत बसवण्याएवढेच उरलेले असते.

काठ आरपार टाक्यांच्या आधी. कडेपासून दीड इंच आत दाभण घालून, त्या जागेतला कापूस बोटांनी बाहेर ओढत, इंच-सव्वा इंचाचे टाके घेत चारही बाजू फिरल्या. आधी टाके मारले तर मधला कापूस बांधला जातो आणि काठाकडे आणायला काही उरत नाही. गणपतीत पाहुणे काठावर बसले आणि काठ बसले, याचे कारण हेच.

सतरा टाके

खुणा खडूने गादीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कापडांवर केल्या. तीन ओळी, काठापासून ९, १८ आणि २७ इंचांवर. बाहेरच्या दोन ओळींत डोक्याकडून ६, १८, ३०, ४२, ५४, ६६ इंचांवर सहा-सहा टाके. मधल्या ओळीत १२, २४, ३६, ४८, ६० वर पाच. एकूण सतरा, एकाआड एक सरकलेले. जवळच्या दोन टाक्यांत पावणेअकरा इंचांच्या आसपास अंतर राहते आणि तिन्ही ओळींतून जाणारी आडवी सरळ रेषा कुठेच सापडत नाही.

दोरा मेण लावलेला, पिळदार सुती. नायलॉन मजबूत असतो, पण त्याची गाठ सुटते आणि तो कापड कापतो. सुतळी दमटपणात कुजते. दाभण लांब, गादीच्या पूर्ण जाडीपेक्षा निदान चार इंच जास्त. ते उभे जाते की नाही हे शिकाऊला नजरेने कळत नाही, म्हणून खुणेशेजारी सुताराचा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) उभा ठेवायला सांगितले. दाभण खाली गेले, पाऊण इंच बाजूने परत वर आले. दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली लोकरीचा गोंडा अडकवला, म्हणजे ताण कापडावर न येता गोंड्यावर पसरतो.

सगळे टाके सारखे दबावेत यासाठी अंदाजावर विसंबायचे कारण नाही. गादी टाक्यापाशी ३ इंच राहायला हवी: दोरा खाली ३, आडवा पाऊण, वर ३, पुन्हा आडवा पाऊण, मिळून साडेसात इंच. गोंड्यांची जाडी धरून ८. प्रत्येक दोऱ्यावर आठ इंचांच्या अंतराने शाईच्या दोन खुणा केल्या. सरकगाठ ओढताना दोन खुणा एकमेकींना भेटल्या की थांबायचे. आधी सतराही टाके सैल घातले, मग मधल्या ओळीतला मधला ओढला, तिथून दोन्ही टोकांकडे, मग बाहेरच्या ओळी. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेल्यास कापूस शेवटच्या टाक्याकडे ढकलला जातो. गाठी रात्रभर तशाच सरकत्या ठेवल्या, वर फळी आणि वजन. सकाळी कापूस बसल्यावर खुणा पुन्हा जुळवल्या आणि मगच पक्की गाठ मारून शेपूट आत खेचले.

शिकवण्याचा क्रम

बऱ्याच दुकानांत मुलाला आधी काठ, मग टाके आणि सगळ्यात शेवटी भरणी शिकवतात. कारण सरळ आहे: काठ बिघडला तर उसवता येतो, भरणी बिघडली तर कापूस आणि दिवस दोन्ही जातात. पण त्यामुळे मुलाच्या हाती फक्त दोरा येतो आणि गादीतल्या प्रत्येक दोषावर तो दोराच ओढतो. आमच्या मते दीड फूट बाय दीड फुटाची अडीच इंची आसने त्याच्याकडून पहिल्यापासून भरून घ्यावीत. एका आसनाला सुमारे ८०० ग्रॅम कापूस लागतो, टाके पाच, आणि तोच कापूस पिंजून चार वेळा वापरता येतो. आसन भरले की उसवून चारही चतकोर तोलायचे. चतकोरांत २० ग्रॅमपेक्षा जास्त फरक येईनासा झाला की मोठी गादी द्यायची. टाके मात्र आवडतील तितके मारू द्यावेत, ते लवकर जमतात.

या गादीचे पैसे पुन्हा घेतले नाहीत, ६०० ग्रॅम नव्या कापसाचे तेवढे घेतले. काकूंना खाटेच्या दोन पट्ट्या वेल्डिंग करून घ्यायला सांगितले, आणि गादी दुमडण्याऐवजी सैल गुंडाळून ठेवायला. रोज दुमडायचीच असेल तर चार इंची गादी मुळात नको. त्याच मापाची ३ इंची, साडेसात किलोची घ्यावी, ती गुंडाळायलाही हलकी जाते. फोमचा विषय काकूंनीच काढला होता. उकाड्यात कापूस बरा म्हणून त्यांनीच तो सोडला.

दिवाळीआधी गादी उन्हात घालायला चाळीच्या गच्चीवर नेली होती, तेव्हा तिथे जाऊन पुन्हा मोजली. मध्ये पावणेचार, डोक्याकडे साडेतीन, पायाकडे साडेतीन, काठ तीन. सतराही टाके जागेवर होते. पायाकडचा उजवा कोपरा मात्र मऊ लागला. त्यासाठी उसवायची गरज पडली नाही: दाभण कापडातून तिरके आत घालून, टोकाने शेजारचा कापूस उचलत कोपऱ्याकडे सात-आठ वेळा ओढला आणि भोके नखाने घासून मिटवली. कापूस कमी असता तर शिवणीचे सहा इंच उघडून मूठभर भर घालावी लागली असती.